टूथब्रशनं ५३ रात्री, चिपनं ५

या वेळचं पत्र हर्णैहून आलंय. लांबलचक होतं, कामापुरतं देतो.

"काका नमस्कार. मी हर्णैची. बीई ईअँडटीसी झालं, आता एमटेक व्हीएलएसआयचं, म्हणजे चिप डिझाइनचं, दुसरं वर्ष चालू आहे. गाईडनी विषय दिलाय लो पॉवर फुल अ‍ॅडर, म्हणजे कमी वीज खाणारं बेरजेचं सर्किट, दहा ट्रान्झिस्टरचं. सिम्युलेशनमध्ये जुन्या डिझाइनपेक्षा ६२ टक्के पॉवर कमी येतेय, मला वाटलं जिंकलं. प्रेझेंटेशनला बाहेरून आलेल्या सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बरं, मग?' मला काही बोलताच आलं नाही. खरं सांगू का, मी लो पॉवर घेतलं ते बाबांमुळे. बाबांची होडी आहे, जाळ्याच्या बोयांना (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना) रात्रीचे लुकलुकणारे दिवे असतात, त्यांचे सेल महिना-दीड महिन्यात संपतात. वाटायचं ह्याच्यासाठी एक भारी लो पॉवर चिप करावी. आता कशाचा कशाला मेळ लागत नाही. आई म्हणते बँकेच्या परीक्षा दे. पीएचडी करू का सोडू? आणि आमच्याकडे लाईट जाते, लॅब नाही, घरी बसून ह्यातलं काही होतं का? – बोयावाली"

अगो बोयावाली,

पत्र दोनदा वाचलं आणि आधी शेजाऱ्याकडे गेलो. आमच्या गुहागरातपण तसेच दिवे वापरतात, एक जुना मागून आणला. तो म्हणाला परत नको, मेलाय तो. अंगणात बसून उघडला, तीन स्क्रूपैकी दोन गंजून बसलेले, आतलं रबराचं कडं एका बाजूला सरकलेलं, स्प्रिंगवर हिरवट पांढरी भुकटी आणि वास तर असा की मांजर येऊन बसलं समोर. आत काय, दोन पेन्सिल सेल, एक लाल एलईडी, अंधार झाला की कळायला एक एलडीआर, आणि सर्किटवर काळा एपॉक्सीचा ठिपका, त्याच्याखाली चिप. नवीन सेल घातले तर लागला की! म्हणजे मेला नव्हताच.

मग मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला. दिवा लागलेला असताना १८ मिलीअँप, ठीकाय, एवढे लागणारच. पण दोन लुकलुकींच्या मध्ये, म्हणजे एलईडी पूर्ण बंद असताना, १.१ मिलीअँप! मी म्हटलं मीटर बिघडला. दुसरा आणला, तेच. उजेडात धरून दिवा पूर्ण झोपवला तरी तेवढेच. मग भिंगातून बघितलं तर सर्किटभर मिठाचा पातळ थर, आणि आपल्याकडची हवा माहितीये तुला, ते मीठ कधी सुकतच नाही, सदा ओलं. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन घासून काढलं, उन्हात तासभर ठेवलं, परत मोजलं. ४० मायक्रोअँप, मिलीअँपचा पंचविसावा भाग. म्हणजे बाकीचा सगळा करंट चिपमधून जातच नव्हता, मिठातून जात होता.

आता हिशोब बघ, तू इंजिनिअर आहेस, पाठ नको करू, स्वतः करून बघ. लुकलुक किती वेळाची ते मोबाईलच्या स्लो मोशनवर काढलं, सेकंदाला २४० फ्रेम, त्यातल्या २४ फ्रेममध्ये दिवा लागलेला, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. म्हणजे एलईडीचा सरासरी करंट १.८ मिलीअँप, रात्र ११ तासांची धरली तर १९.८ मिलीअँप-अवर. चिपचे ४० मायक्रोअँप मात्र चोवीस तास जातात, ते साधारण १ मिलीअँप-अवर. सेल २००० मिलीअँप-अवरचे धरू, दोन्ही सिरीजमध्ये आहेत म्हणून तेवढेच. मीठ असताना दिवा ४३ रात्री चालतो, बाबा म्हणतात तेवढाच आला ना? मीठ काढलं की ९६ रात्री. आता तू जगातली सगळ्यात भारी चिप केलीस, एकदम शून्य करंट खाणारी, देवानं येऊन बनवली असं समज, तर किती? १०१. पाच रात्री वाढल्या. आणि चिपला हात न लावता नुसती लुकलुक अर्धी केली, दहाव्या भागाऐवजी विसावा भाग, तर १८४ रात्री.

टूथब्रशनं ५३ रात्री दिल्या गो बाय, आणि तुझ्या अख्ख्या पीएचडीनं पाच दिल्या असत्या.

हे तुला नाउमेद करायला नाही सांगत. ते बाहेरून आलेले सर "बरं, मग?" म्हणाले ना, ते बोलायची पद्धत वाईट, मान्य, दोन वर्षं राबलेल्या पोरीला असं विचारत नाहीत. पण प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर सर्किटात नसतंच, ते असतं करंट नक्की जातो कुठं ह्या हिशोबात. आपल्याकडे एमटेकच्या लो पॉवर प्रोजेक्टांमध्ये हा हिशोबच कोणी मांडत नाही. दहा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅडर, मग आठचा, मग कोणीतरी सहाचा काढतो, प्रत्येकाच्या टेबलात मागच्यापेक्षा पन्नास-साठ टक्के कमी, आणि तो अ‍ॅडर एकूण चिपच्या पॉवरमध्ये किती टक्के होता हे विचारलं की सगळे खिडकीबाहेर बघतात. मीपण बघितलंय, माझ्या वेळेला.

एक आकडा तुझ्या थिसिसच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये आयएसएससीसी ह्या चिपवाल्यांच्या परिषदेतल्या भाषणात कुठल्या कामाला किती एनर्जी लागते त्याचा तक्ता दाखवला होता, ४५ नॅनोमीटरचा (हे ट्रान्झिस्टरच्या बारीकपणाचं माप). ३२ बिटची एक बेरीज, साधारण ०.१ पिकोजूल. आणि चिपबाहेरच्या मेमरीतून, म्हणजे डीरॅममधून, डेटा एकदा आणायचा तर १.३ ते २.६ नॅनोजूल. तेरा हजारपटीच्या वर! म्हणजे समज काडेपेटी एक रुपयाची आणि ती आणायला स्पेशल गाडी करून चिपळूणला जायचं, आणि आपण रिसर्च करतोय काडेपेटी ३८ पैशांना कशी मिळेल ह्याच्यावर. ६२ टक्के वाचले हे खरं आहे गं, पण कशातले?

आता जे वाचक व्हीएलएसआयवाले नाहीत त्यांनी पण मेल केलेत की काका हे लो पॉवर म्हणजे नेमकं काय कमी करतात, त्यांच्यासाठी थोडं, तू हवं तर पुढे जा. चिपमध्ये दर वेळी शून्याचा एक होतो तेव्हा एक बारीकसा कपॅसिटर (विजेची घागर म्हणा) भरावा लागतो आणि एकाचा शून्य होतो तेव्हा तो ओतून द्यायचा. रहाटासारखंच. विहिरीतनं पाणी काढून वर डोणीत ओतायचं, डोण जेवढी उंच तेवढी मेहनत जास्त, हे पोफळीवाल्या कुणालाही कळतं. पण चिपमध्ये गंमत अशी की डोण उंच केली की घागरपण आपोआप मोठी होते. म्हणून व्होल्टेज अर्धं केलं की मेहनत अर्धी नाही होत, पाव होते. हा व्होल्टेजचा वर्ग म्हणजे लो पॉवरवाल्यांचा कुलदेव, सगळे नवस तिथेच.

मग सगळे व्होल्टेज कमी का नाही करत? करतात, पण सर्किट हळू होतं. बर्कलेला चंद्रकासन, शेंग आणि ब्रॉडरसन यांनी १९९२ मध्ये ह्याच्यावर साधा उपाय दाखवला, हे अनंत चंद्रकासन मूळचे चेन्नईचे, नंतर एमआयटीत गेले. हळू तर हळू, एकाच्या जागी दोन लावा. त्यांच्या उदाहरणात एकच सर्किट दोनदा टाकून व्होल्टेज ५ वरून २.९ वर आणलं, काम तेवढंच, वेग तोच, जागा तिपटीच्या वर गेली पण पॉवर जवळजवळ एक तृतीयांश. दोन म्हातारे वल्हवणारे एका तरण्यापेक्षा कमी दमतात तसं काहीतरी. त्यात नवीन ट्रान्झिस्टर नव्हता, नवीन गेट नव्हतं, नुसती मांडणी बदलली होती.

आणि दुसरी बाजू म्हणजे गळती. पाटाचं दार बंद केलं तरी खालून पाझरतं ना, तसं ट्रान्झिस्टर बंद असला तरी थोडा करंट जातच राहतो. दार हलकं ठेवलं की पटकन उघडतं पण पाझरतं जास्त, जड केलं की पाझर कमी पण उघडायला वेळ. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की व्होल्टेजपण त्याच मापात उतरायचं आणि सगळं फुकटात सुधारायचं, आयबीएमच्या डेनार्ड आणि मंडळींनी १९७४ मध्ये तो नियम मांडला होता. २००५-०६ च्या सुमाराला ते थांबलं, कारण दार अजून हलकं केलं तर पाझरच एवढा की शिंपणं राहिलं बाजूला. तेव्हापासून ह्या विषयाला खरे दिवस आले.

बोयावाली, ये परत. तू विचारशील की मग चिपच्या करंटला किंमत आहे तरी कुठं? आहे, आणि तुझ्या घरासमोरच आहे. समज खाडीत पाण्याची पातळी मोजणारं एक यंत्र ठेवलं. दर पंधरा मिनिटांनी उठतं, ५० मिलीसेकंद १० मिलीअँप खातं, परत झोपतं. झोपेत २ मायक्रोअँप. सरासरी काढलीस तर उठून केलेल्या कामाचे ०.५६ मायक्रोअँप आणि झोपेचे २. म्हणजे ऐंशी टक्के करंट झोपेत जातोय! काम करताना नाही, काही न करताना. २२५ मिलीअँप-अवरच्या बटण सेलवर हे कागदावर दहा वर्षं चालेल, सेलच त्याआधी म्हातारा होईल. इथं गळतीवर काम केलंस तर त्याला अर्थ आहे.

पण थांब, मोजलेली पातळी किनाऱ्यावर पाठवायची तर आहे. रेडिओ तासातून एकदा, एक सेकंद, ४० मिलीअँप. सरासरी ११ मायक्रोअँप. झालं, परत चिप बाजूला, रेडिओच सगळं खाऊन गेला, दहाचे दोन वर्षांवर आले (बटण सेल ४० मिलीअँप देताना मान टाकतो, ते वेगळंच). आता इथं डोकं लावायची जागा आहे. पातळी बदलली नसेल तर कशाला बोंबलायचं किनाऱ्याला? चिपनंच जागच्या जागी ठरवलं की सांगण्यासारखं काही आहे का, आणि दिवसातून एकदाच रेडिओ लावला, की परत साडेआठ वर्षं. म्हणजे हे "सांगू का नको" ठरवणारं सर्किट, सतत अर्धवट जागं राहून दोन मायक्रोअँपच्या आत भागवणारं, हा खरा रिसर्चचा विषय आहे आणि जगभर लोक त्याच्यावर काम करतायत. आणि त्याच्यात बेरीज लागते! तुझा अ‍ॅडर तिथं बसेल, पण पाटावर नाही, पंगतीत.

व्होल्टेजबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण तू पत्रात लिहिलंयस की पुढे ०.२ व्होल्टवर करून बघणार. एमआयटीत अ‍ॅलिस वँग आणि चंद्रकासन यांनी १८० नॅनोमीटरमध्ये एक एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) करणारा प्रोसेसर केला, २००५ च्या जर्नलमध्ये आहे. तो १८० मिलीव्होल्टवर चालला, चमत्कारच. पण किती वेगानं, १६४ हर्ट्झ! किलो नाही, मेगा नाही, नुसते हर्ट्झ. आणि एका एफएफटीला सगळ्यात कमी एनर्जी कुठे लागली, तर १८० ला नाही, ३५० मिलीव्होल्टला, १० किलोहर्ट्झवर. कारण फार हळू चाललं की काम संपेपर्यंत गळत राहतं, जेवढी बचत केली त्याच्यापेक्षा पाझर जास्त होतो. आई भाजी दोन रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून उन्हातनं तीन वाड्या पलीकडे जाते आणि येताना रिक्षा करते, तेच हे. तेव्हा ०.२ व्होल्टवर एकच पॉइंट नको काढूस, १.२ पासून ०.२ पर्यंत सगळा आलेख काढ आणि तुझा तळ कुठे लागतो ते दाखव. एवढं केलंस तरी तुझा थिसिस निम्म्यांच्या पुढे गेला.

आता त्या अ‍ॅडरचं. टाकू नकोस, दोन वर्षं गेलीत. पण त्याला जरा ऊन-पाऊस दाखव. दहा ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅडरमध्ये आउटपुट पूर्ण व्होल्टेजपर्यंत चढत नाही, एक थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर उघडायला लागणारं व्होल्टेज) खाल्ला जातो, हे तुला माहीत असणार. एकटा असला की खपून जातं. असे आठ जोड, मग सोळा, बत्तीस, पुढे खऱ्या गेटचं ओझं लाव आणि ०.६ व्होल्टवर स्लो कॉर्नरला, म्हणजे सगळे ट्रान्झिस्टर हळूच निघाले असं धरून, चालव. मला वाटतं मध्ये बफर (सिग्नल परत पूर्ण चढवणारे गेट) घालावे लागतील, आणि बफर घातले की ६२ चे किती उरतात ते बघ. वीस उरले तर वीस लिही. मायनस आले तर मायनस लिही, का आले ते लिहिलंस तर तो चांगला चॅप्टर होतो, खरंच सांगतो.

आणि तुझं सिम्युलेशन २७ डिग्रीवर आहे ना? बघ उघडून, स्पाइसमध्ये (सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये) न सांगता तेवढंच धरलेलं असतं. मे महिन्यात होडीवरचा काळा डबा हाताला चटका देतो, आत पन्नास-साठ डिग्री सहज. गळती अंदाजानं दर दहाएक डिग्रीला दुप्पट धर, म्हणजे आठपट कुठे गेली नाही. कोकणातली मुलगी २७ डिग्रीवर सिम्युलेशन करते, तुझं तुलाच हसू यायला पाहिजे!

मोजणं ह्या गोष्टीचा मी एवढा धसका का घेतलाय ते पण सांगतो. बेंगळुरूला एका कंपनीत होतो, नाव जाऊदे. आमच्या चिपचा झोपेतला करंट कागदावर ३ मायक्रोअँप, चिप हातात आली तर ४००. अकरा दिवस शोधलं, फॅबला (चिप बनवणाऱ्या कारखान्याला) शिव्या घातल्या, बोर्डवाल्यांना घातल्या. शेवटी काय निघालं, एक ब्लॉक आम्ही झोपेत पूर्ण बंद करायचो, पण त्याच्यातनं निघालेल्या आठ तारा जाग्या असलेल्या ब्लॉकमध्ये जात होत्या. वरचा बंद झाला की त्या तारा ना शून्य ना एक, अधांतरी मध्येच लोंबकळत राहायच्या, आणि त्यांच्यापुढच्या इन्व्हर्टरमधले (घरातला नव्हे, शून्याचा एक आणि एकाचा शून्य करणारं गेट) दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धे अर्धे उघडे, सप्लायपासून ग्राउंडपर्यंत सरळ पाट. मध्ये आयसोलेशन सेल घालायचे असतात, म्हणजे अशा तारा ठरलेल्या शून्यावर किंवा एकावर धरून ठेवणारे गेट. यादी मी केली होती, त्या आठ तारा मीच विसरलो होतो. आता हे सगळं यूपीएफमध्ये लिहितात, कुठला ब्लॉक कधी बंद ते सांगायची प्रमाण भाषा, आयईईई १८०१, आणि टूल आधीच ओरडतं, तेव्हा ओरडणारं कोणी नव्हतं. ते अकरा दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. त्या दिव्यातल्या मिठात मला तेच दिसलं बघ, करंट जिथं जाईल असं कुणाच्या मनातच नव्हतं तिथनंच गेला.

गाईडना कसं सांगायचं? तुझा विषय फालतू आहे असं चुकूनही बोलू नकोस, सरांचे अजून चार विद्यार्थी त्याच्यावर असतील. म्हण, सर, अ‍ॅडर झालाय, आता तो एका छोट्या सिस्टिममध्ये बसवून एकूण फरक किती पडतो ते दाखवते. कुठला गाईड नाही म्हणेल? झालं तर त्यांनाच पेपर मिळेल.

घरी बसून होतं का, तर होतं. पूर्वी हे शक्यच नव्हतं, फॅबचे मॉडेल कुलपात असायचे, पण २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरनी १३० नॅनोमीटरचं सगळं किट उघडं करून टाकलं, स्काय१३०. एनजीस्पाइस, एक्सस्कीम, मॅजिक, केलेआउट, ओपनरोड, ही चिप डिझाइनची सॉफ्टवेअर सगळी फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतात. १३० ऐकून नाक मुरडणारे भेटतील की जग २ नॅनोमीटरवर गेलं आणि तुम्ही कुठे. त्यांना सांग, झोपेतच आयुष्य काढणाऱ्या चिपला जुनी प्रोसेस बरी, दार जड असतं, पाझर कमी. मोहालीच्या एससीएल ह्या सरकारी फॅबमध्ये आजही १८० नॅनोमीटर चालतं, आणि केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत कॉलेजांना बेंगळुरूच्या सीडॅकच्या चिपइन सेंटरकडून टूल मिळतात, तुझं कॉलेज त्या यादीत आहे का हे ऑफिसात जाऊन विचार, खूपदा कॉलेजला मिळालेलं असतं आणि विद्यार्थ्यांना पत्ताच नसतो.

लाईटचं मी तुला काय सांगू, निसर्ग वादळात तुमच्या दापोली-मंडणगडानं किती दिवस अंधारात काढलेत ते तुलाच जास्त माहीत. एवढंच कर, सगळे कॉर्नर एका स्क्रिप्टमध्ये एकदम नको लावूस, एकेक रन संपला की त्याचा आकडा फाईलमध्ये लिहून पुढे जायचं, म्हणजे पहाटे तीनला लाईट गेली तरी तीनपर्यंतचं हातात राहतं. मी हे तीनदा हात पोळल्यावर शिकलो.

पीएचडी. पैशांचं आधी, कारण आई तेच विचारणार आणि बरोबर विचारणार. जेआरएफचा, म्हणजे पीएचडीच्या शिष्यवृत्तीचा, दर २०२३ पासून महिना ३७,००० आहे, त्यावर घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी ४२,०००. उपाशी मरत नाहीस पण पाच वर्षं बरोबरच्या मैत्रिणी गाड्या घेतील आणि तू हॉस्टेलात असशील. बँकेच्या परीक्षेला मी नावं ठेवणार नाही, माझा धाकटा भाऊ बँकेत आहे आणि आमच्या घरात सगळ्यात सुखी तोच. पण एका परक्या माणसाच्या दोन शब्दांवरून सोडायचं म्हणत असशील तर नको. आणि बाबांच्या दिव्यासाठी चिप करायची म्हणून पीएचडी करायचं म्हणत असशील तर तेही नको, त्या दिव्याचं काय ते वर झालंच. माझं मत विचारशील तर आधी दोन वर्षं नोकरी कर, पॉवर व्हेरिफिकेशन, यूपीएफ, फिजिकल डिझाइन, जे मिळेल ते, बेंगळुरू नाहीतर पुणे. तिथं रोज बघशील करंट कुठं जातो. त्यातला एखादा करंट असा निघेल की तो का जातो हे कुणालाच सांगता येत नाही, आणि तुला रात्री झोप लागणार नाही. तेव्हा अर्ज भर. दोन वर्षांत तसं काही झालंच नाही तर पगार चांगला आहे, आईला साडी घे.

तोपर्यंत एक काम. १ जूनपासून मासेमारीला बंदी, होड्या वर येतील, बाबांचे सगळे दिवे घरात मोकळे असतील. एकेक उघड, घासायच्या आधी मोज, घासून मोज, वहीत लिही. मीटर घेताना मायक्रोअँपची रेंज आहे ना बघ, आणि त्या रेंजवर एलईडी लागायची वाट बघू नकोस, मीटरमध्येच व्होल्ट पडतात आणि दिवा रुसतो, लागलेला करंट मिलीअँपच्या रेंजवरच मोजायचा. रबराच्या कड्याला सिलिकॉन ग्रीस लाव. आणि बाबांना सांग दिवे धुवायचे तर गोड्या पाण्यानं. आमचा शेजारी दुरुस्त करून दिलेला दिवा घेऊन गेला आणि स्वच्छ करतो म्हणून परत समुद्रात बुचकळून आला.